मोठ्या मायच्या खिडकीखालची शेती

शहर-शेती मंडळाच्या पहिल्या बैठकीत शेती सोडून सगळं ठरलं. टोप्यांचा रंग ठरला. फलकावर कोणाचा फोटो डावीकडे आणि कोणाचा उजवीकडे, ते ठरलं. मला 'महिला प्रतिनिधी' करायचं, हेही ठरलं, कारण मंडळात बाई नसली तर बातमीला वजन येत नाही, असं प्राचार्यांचं म्हणणं. बाई म्हणून मी समोर होतेच, चहाचा ट्रे घेऊन उभी.

बैठक मोठ्या मायच्या ओसरीत होती. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. गोंदियात तिच्या घराला लागून एक मोकळी जागा आहे. शहर तिथवर पोचण्याआधी ती आमच्या आजोबांची धानाची बांधी होती, म्हणजे बांध घातलेलं भातखाचर. चारही बाजूंनी घरं उठली आणि ही एकटीच मधे ताटासारखी खोलगट पडून राहिली. मायच्या खोलीची खिडकी तिच्यावरच उघडते. आणि मायच्या मुलाला, म्हणजे माझ्या धाकट्या चुलतभावाला, त्या ताटात लग्नाचं लॉन वाढायचं होतं.

"लॉन म्हंजे काय, मालूम हाय का तुले?" माय मला म्हणाली. "माह्या उशापाशी डीजे. तुळशीच्या लग्नापासून मिरग लागेपर्यंत. लगीन लोकाईचं आन् झोप माही."

जागा तिच्याच नावावर होती. पण एकुलत्या लेकाला तोंडावर नाही म्हणायचं धाडस तिला आयुष्यात झालं नव्हतं. तिला निमित्त हवं होतं. म्हणून प्राचार्य "शहरातच स्थानिक अन्न पिकवू" असं म्हणत दारात आले, तेव्हा तिनं त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच जागा देऊन टाकली. भाऊ हसला. त्यानं मंडळाकडे एकदा नीट पाहिलं आणि इतका हसला की चहा सदऱ्यावर सांडला. मग त्याला औदार्याचा झटका आला.

"माय, पोळ्यापर्यंत या जागेतली एका टायमाची भाजी आपल्या घरी शिजली, तर मी लॉनचं नाव काढत नाही. नाही शिजली, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुरूम टाकतो."

"शब्द?"

"शब्द."

ओसरीभर साक्षीदार होते. माय त्या रात्री म्हणे पोटभर जेवली. मी मंडळ पाहिलं होतं. मला जेवण गेलं नाही.

प्राचार्य निवृत्त. वर्गाची खिडकीसुद्धा शिपायाकडून उघडून घेण्यात त्यांची हयात गेली. आता त्यांच्या मोबाइलमध्ये परदेशातल्या गच्च्यांवरची शेती भरलेली होती आणि ते 'स्थानिक अन्न' हे शब्द अशा आवाजात उच्चारत, की खुद्द अन्नानं खाली मान घालावी. दुसरे आमचे कापडवाले शेठ. त्यांची मागणी एकच, दुधी भोपळ्याची: "अपने को ऑर्गेनिक लौकी चाहिए, बस. बाजार की लौकी में इंजेक्शन रहता है." शेतात ते प्लास्टिकची खुर्ची आणवत, पांढऱ्या कपड्यांत तिच्यावर उभे राहत आणि वरून लौकीची वाट पाहत. बाकीचे सभासद बातमीपुरते होते.

मायचं माहेर दवनीवाड्याकडचं. तिथे प्रत्येक घरामागे सांदवाडी असते. तिच्यात भेंडी, दोडका, सांभार म्हणजे कोथिंबीर होते, पोपटाच्या शेंगांचा वेल कुडावर चढतो आणि त्याबद्दल कोणी टोपी घालून भाषण करत नाही. हे मी एका बैठकीत बोलले. प्राचार्य म्हणाले, "ताई, ती सवय आहे. ही चळवळ आहे."

चळवळीला खत लागलं. मायच्या भाच्यानं दवनीवाड्याहून तलावाचा वाळलेला गाळ ट्रॉली भरून पाठवला. आमच्याकडे उन्हाळ्यात तलाव उपसला की तो काळा गाळ शेतात जातो. त्याच्याइतकं बरं खत नाही. तो मातीत मिसळून मंडळानं उंच गादीवाफे केले, मधून चर काढले आणि जादा पाणी बाहेर नालीत जाईल अशी वाट ठेवली. टमाटर, वांगी, मिरची, आणि शेठसाठी लौकी लावली. सगळं बिनचूक. कारण सगळं व्हिडिओतल्या माणसाचं होतं.

त्यानंतरचं आमचं होतं.

एका सकाळी चांगली सर आली. चर भरले आणि पाणी शहाण्यासारखं त्या वाटेनं नालीकडे निघालं. प्राचार्य छत्री घेऊन उभे होते. त्यांनी ते वाहतं पाणी पाहिलं आणि त्यांची शुद्ध मराठी जागच्या जागी वारली.

"पानी चाल्लं ना जी! आडवा! आडवा ना बे कोनी!"

धानाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला तुम्ही काहीही शिकवा. त्याला पदवी द्या, टोपी द्या, परदेशी गच्ची दाखवा. आपल्या बांधीतलं पाणी बाहेर जाताना तो पाहू शकत नाही. या जिल्ह्यात बांध फोडून पाणी नेलं म्हणून सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला गेलेले नाहीत. प्राचार्यांनी छत्री फेकली आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी चिखल ओढू लागले. शेठच्या आजोबांची धानाची मिल होती, रक्त तेच. "अरे रोको, रोको!" करत पांढऱ्या धोतरासकट त्यांनी खुर्चीवरून उडी घेतली. पाण्याची वाट बुजली. मग उत्साहाच्या भरात चारही बाजूंनी बांध चढला. मंडळात एवढी एकजूट मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतर तर नाहीच.

"सर, ही वांगी आहेत," मी म्हटलं. "धान नाही."

"तुम्ही फोटो काढा, ताई."

मी काढला. माझ्याजवळ अजून आहे. मन उदास झालं की मी तो पाहते.

मग झड लागली. आजोबांच्या आणि त्यांच्याही आजोबांच्या चिखलणीनं घट्ट बसलेली ती जमीन. तिनं थेंब खाली जाऊ दिला नाही. टमाटर पिवळे पडले. प्राचार्यांच्या भाषणात पोरं जशी उभी असतील, तशी वांगी माना टाकून उभी राहिली. लौकी सडली, शेठनं तिच्यासाठी डोळे पुसले म्हणतात. बांध फोडायला हवा, हे सगळ्यांना कळत होतं, पण कुदळ उचलायला एक हात धजेना. प्राचार्यांनी जाहीर केलं, "मुळं पाण्याला सरावतील." मुळं सरावली नाहीत. मंडळ मात्र सरावलं: कोणाचा गुडघा दुखला, कोणाच्या साडूकडे बारसं निघालं. शेवटी पाण्यात फक्त फलक उभा राहिला, डावा फोटो डावीकडे, उजवा उजवीकडे. पाण्यावर काहीतरी हिरवं पसरू लागलं, तेव्हा प्राचार्यांनी रस्त्यावरूनच निदान केलं, "तण आहे. पोळ्यानंतर मोहीम काढू."

माय खिडकीशी बसून असायची. मी गेले की विचारायची, "काई धरलं का वो?"

"नाही, माय."

"बेडूक हायेत बाकी." ती बाहेर पाहत राहायची. "बेडूक बरे. दमले का गप होतात. डीजे दमत नाही."

एकदा ती बोलता बोलता पलंगाकडे वळली आणि तो आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत बसेल का, हे वितींनी मोजू लागली. तेव्हा मात्र मला त्या मंडळाला एकेक करून त्या पाण्यात बुडवावंसं वाटलं.

पोळ्याचा आदला दिवस. गावांत बैलांचे खांदे मळतात तो. दुपारी भाऊ टेप घेऊन आला. मुरूमवाल्याला त्यानं सांगूनच ठेवलं होतं. नवरा-नवरीचं स्टेज कुठे येईल ते मोजायला तो बांधावरून खाली उतरला, आणि पाय पोटरीपर्यंत आत गेला. चप्पल आतच राहिली. आम्ही दोघी खिडकीतून पाहत होतो. चप्पल शोधायला तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"बिच्छू चावला का गा?" मायनं आवाज दिला.

तो सरळ झाला. मुठीत हिरवे, पोकळ देठ होते. पाणी गळत होतं. चेहरा मात्र पार शाळेतल्या पोराचा झाला होता.

"ताई! नाळ आहे इथं! नाळीची भाजी!"

तलावाच्या काठानं पाण्यावर पसरते, तीच भाजी. गाळाबरोबर तिची मुळं आली असणार, आणि मंडळानं तिला हवा होता तसा तलाव बांधून दिला होता. वांग्यांच्या मढ्यांवरून ती पार फलकापर्यंत गेली होती. लहानपणी मामाकडच्या तलावात याच भाजीसाठी उतरून भावानं मार खाल्ला होता. टेप चिखलात पडली. त्यानं सदऱ्याचा ओचा केला, भाजीनं भरला आणि एका चपलेनिशी थेट स्वयंपाकघरात आला.

"माय, कर व लवकर. लसूण जास्त घाल. हरभऱ्याची डाळ आहे ना?"

मी तोंड उघडलं. मायनं माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

तिनं भाजी निवडली, धुतली, लसणाची फोडणी दिली, आणि त्याला वाढलं. तो जेवला. पुन्हा घेतली. कढईतलं लसणाचं तेलसुद्धा भातानं पुसून घेतलं. माय पदर तोंडाला लावून समोर बसली होती, मोठ्या मायेनं.

"कशी झाली?"

"एक नंबर!"

"कुठली होय गा?"

"इथलीच तं, आपल्या..." त्यानं खिडकीकडे हात केला. हात तिथेच राहिला.

त्यानं ताट पुढे सरकवलं.

"हे काही मंडळानं लावलं नाही," तो म्हणाला. "आपोआप आलं."

"तू म्हनला, शिजली पायजे. कोनं लावली, हे नव्हता म्हनला." मायनं ताट उचललं. "मुरूमवाल्याले फोन लाव. येऊ नोको म्हना. आन् ते टेप काढून आन, गंजून जाईन."

त्यानं आधी फोन लावला. मग उष्ट्या हातानंच टेप आणायला गेला, आणि येताना आणखी एक ओचा घेऊन आला.

पोळ्याच्या दिवशी प्राचार्य आले. हिरव्या पाण्याकडे त्यांनी एक क्षण पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत फलक बदलला: 'जलशेतीचा यशस्वी प्रयोग'. टोप्या नव्या. शेठ खुर्चीवर. फोटोत महिला प्रतिनिधी नाही. ती आत मोठ्या मायबरोबर नाळ निवडत बसली होती, आणि मायनं पलंग खिडकीच्या आणखी जवळ ओढून घेतला होता.