नवा प्रोसेसर आणि उजवा कौल

मंडळी, आज कॉम्प्युटरला नवा प्रोसेसर बसवला. शेअर ट्रेडिंगची माझी युक्ती बाजारातल्या जुन्या भावांवर चालवून पाहायची आणि ती पास झाली की तुये गावच्या कारखान्यातल्या नोकरीचा राजीनामा द्यायचा, असं ठरलं होतं.

प्रोसेसरने वेग वाढतो का? वाढतो, हो! पूर्वी सकाळी लावलेली चाचणी संध्याकाळी संपायची. आज चहा गाळेपर्यंत निकाल आला: तोटा.

मग युक्तीचे आकडे जरासे बदलले. पुन्हा तोटा. पुन्हा बदलले. माशांच्या हुमणाला उकळी फुटेपर्यंत बदलत राहिलो आणि अखेर नफा आला!

"झाली पास! उद्या राजीनामा!" मी ओरडलो.

आमच्या पेडण्यात मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडे पडली की देवाचा होकार मानतात. बायको आतून म्हणाली, "अहो, देवाक कौल लावतास, तेव्हा उजवी पाकळी पडेपर्यंत परत परत विचारतास काय?"

मी स्क्रीनवरचा नफा दाखवू लागलो, तर ती पुढे म्हणाली,

"जुनो प्रोसेसर बरो होतो. दिवसाक एकदाच विचारूक देय!"

तर उद्या मी सकाळच्या शिफ्टला आहे. प्रोसेसर जरूर घ्या, मंडळी. फक्त खरं सांगा, नकार आल्यावर पहिल्याच कौलाला थांबलेला तुमच्यात कोणी आहे?