रस्त्यापलीकडचा दवाखाना

सत्तरच्या दशकात मी माळशिरसला सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. रस्त्यापलीकडे जनावरांचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरांशी येता-जाता नमस्कार व्हायचा, पण दोन वर्षांत मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं.

एका सकाळी एक मेंढपाळ बाई आली. मनगटाच्या वर कोळशासारखी काळी खपली, भोवती सूज. दाबून बघितलं तरी हात मागे घेतला नाही.

"दुखत नाही?"

"न्हाय की बाई. खाजतंय नुसतं."

जनावरांपासून माणसाला होणारी काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, मी तोवर पुस्तकातच पाहिली होती. तरी ओळखायला वेळ लागला नाही. "मेंढरं मेलीत का तुमची?"

तिनं दाराबाहेरच्या नवऱ्याकडं पाहिलं आणि आवाज हळू केला. "तीन मेली. मीच सोलली. कुनाला सांगू नगा, गाववाले रानात मेंढरं बसवू द्यायचे न्हाईत."

तिला पेनिसिलीन टोचलं आणि तडक रस्ता ओलांडला. डॉक्टर एका गाईची जखम धूत होते. ऐकून त्यांचे हात थांबले.

"जनावरांत आम्ही याला फाशी म्हणतो. परवाच त्या मेंढपाळांच्या तळावर जाऊन आलो. तिथला म्हातारा म्हणाला, समदं बेस हाय."

त्यांच्या जीपमधून आम्ही लगेच निघालो. तळावर चौथी मेंढी मरून पडली होती आणि तोच म्हातारा, त्या बाईचा सासरा, सुरी घेऊन बसला होता. मी "कापू नका" म्हणताच तो उसळला, "मानसाची डाक्टरीन मेंढराचं काय सांगती?"

डॉक्टर त्याच्या शेजारी मातीतच बसले. "आबा, सुनेचा हात यानंच काळा झालाय. कापलं की रोग मातीत उतरतो. मग हे रान वर्षानुवर्षं मेंढरं मारत राहील."

म्हाताऱ्यानं मेलेल्या मेंढीकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळला. "सून वाचंल न्हवं?"

"वाचेल," मी म्हणाले. "रोज इंजेक्शनला पाठवा."

त्यानं सुरी खाली ठेवली. पुरुष खोल खड्डा खणू लागले. मेंढी न फाडता चुना टाकून पुरायची होती. मी चुलीपाशी बायकांत जाऊन बसले. त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, "आबांच्या मानंवर बी तसलंच हाय. घोंगडं काढंनात म्हनून दिसत न्हाई."

मी सरळ म्हाताऱ्याच्या खांद्यावरचं घोंगडं बाजूला केलं. मान सुजली होती, अंगात ताप होता. आणखी दोन दिवस गेले असते तर मी त्याला वाचवू शकले नसते. त्याला जीपमध्ये घालूनच आणलं.

डॉक्टरांनी सोलापूरहून लस मागवली, कळप दुसऱ्या रानात हलवला, आणि गाववाल्यांची समजूत काढायला आम्ही दोघं मिळून गेलो. सासरा-सून दोघंही बरी झाली. पुढं एकही मेंढरू दगावलं नाही.

महिन्याभरानं आम्हा दोघा डॉक्टरांना आपापल्या कार्यालयातून विचारणा आली: दुसऱ्या खात्याच्या कामात हात का घातला? आम्ही मिळून एकच उत्तर लिहिलं आणि खाली दोघांनी सह्या केल्या. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत दर सोमवारी दुपारी मी रस्ता ओलांडून त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर जाऊन बसायचे. त्यांच्याकडं कुठली जनावरं आजारी आली आणि माझ्याकडं कुठल्या वाडीची माणसं, एवढं आम्ही एकमेकांना सांगायचो.