मुर्तिजापूरच्या पुढचं पंक्चर

गाडीत बसायच्या आधी ताई चारही चाकांना एकेक लाथ मारत. जोरात नाही, कलिंगडावर टिचकी मारून पाहतात तशी. मग डिक्की उघडून स्टेपनीवर अंगठा दाबत आणि म्हणत, "गाडीले पाच चाकं असतेत, चार नाही." लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, हे झाल्याशिवाय किल्ली फिरायची नाही.

नाव सांगत नाही. अकोल्यात आमच्या कॉलनीत सगळे त्यांना ताईच म्हणत. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या आणि लगेच जुनी पांढरी गाडी घेऊन आल्या. नवरा आधीच गेलेला, मुलगा पुण्याला. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल बघा, ज्याची शिकवणी कुणी लावलेली नसते, तरी सगळ्यांना ती घ्यावी लागते.

एका रविवारी त्यांनी आम्हा भिशीच्या बायकांना मोकळ्या प्लॉटवर बोलावलं आणि चाक बदलायला लावलं. आम्ही पदर खोचून तयार. मी आधी जॅक लावायला धावले.

"थांब वं! गाडी उचलल्यावर नट कसे फिरवशीन? चाकच फिरन गरगर. आधी ढिले कर, मंग उचल."

पाना काही हलेना. बांगड्या वाजल्या तेवढ्याच.

"हातानं नाही, पायानं दाब. एवढं वजन कमावलं कायले मंग?"

बायका हसून हसून बेजार. आपल्या काळ्या मातीत गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जातो, म्हणून त्या जॅकखाली घरातला लाकडी पाट ठेवत. "लग्नात याच्यावर आमचे हे बसले होते," म्हणायच्या. "गाडी त्यांच्यापेक्षा मुकाट बसते."

आता त्या दिवशीचं सांगते. सकाळी अमरावतीहून वहिनीचा फोन आला. माझा धाकटा भाऊ तिथं दवाखान्यात होता. "बाई, लवकर या. शुद्धीवर आहेत, तुमचंच नाव घेऊन राहिले. डॉक्टर म्हणते, ज्याले बोलवायचं त्याले बोलवा." मी बसस्टँडला निघाले, तर ताईंनी फाटकातच अडवलं. "बसनं कवा पोचशीन? बस गाडीत."

आणि तरीही चारही चाकांना लाथा मारल्याच. मी म्हटलं, "आज राहू द्या न, ताई." त्यांनी डिक्की उघडली, अंगठा दाबला.

मुर्तिजापूर सोडलं आणि मागचं चाक बसलं. थप थप थप.

"थांबा, ताई, इथंच थांबा!"

"इथं वळण हाये. मागून येनाऱ्या ट्रकले आपण दिसनार नाही."

टायर फाटत होता, तरी त्यांनी गाडी तशीच हळूहळू पुढे नेली, रस्ता सरळ होऊन सपाट कड येईपर्यंत. मला डाव्या दारानं उतरवून शेताजवळ, रस्त्यापासून लांब उभं केलं. मग चारही दिवे लुकलुकते ठेवले. धोक्याचा लाल त्रिकोण पार मागे नेऊन ठेवला. हँडब्रेक. पुढच्या चाकाला दगड. नट ढिले. पाट. जॅक. फाटलेलं चाक काढून गाडीखाली सरकवलं, जॅक निसटलाच तर गाडी त्याच्यावर टेकावी म्हणून. ट्रक गेला की गाडी थरथरायची. एकही गोष्ट त्यांनी गाळली नाही. मी पाहत होते आणि पाहतही नव्हते.

हातातला फोन वाजला. वहिनी होती. मी ऐकलं. "हो" म्हटलं. फोन पिशवीत टाकला.

ताई दुसरं चाक चढवून नट आवळत होत्या, एक या बाजूचा, एक त्याच्या समोरचा. मी काही बोलले नाही. समोर कपाशी फुटली होती. किती पांढरी आहे, एवढंच मनात आलं.

"चाल वं, पोचतो आपण," त्या म्हणाल्या आणि गाडी जी सोडली! एरवी सायकलवाल्यालाही पुढे जाऊ देणाऱ्या ताई त्या दिवशी ट्रकांना मागे टाकत होत्या. हॉर्नवरचा हात काढत नव्हत्या.  शेवटी मी म्हटलं, "हळू चालवा, ताई. आता घाई नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वेग कमी केला.  दवाखान्यात त्यांचे तळहात काळेच होते, म्हणून त्यांनी मला आपल्या कोपरानं धरून जिना चढवला. वहिनी रडत होती. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. लोक विचारतात. मी म्हणते, येईल तेव्हा येईल.

ताई यंदा उन्हाळ्यात झोपेतच गेल्या. मुलगा आला, गाडी विकून परत गेला. तेव्हाही मी फाटकाशी उभी होते. तशीच, कोरडी.

ताई जायच्या थोडं आधी एका दुपारी माझ्याकडे चहाला आल्या होत्या. बशीत चहा ओतला आणि एकदम म्हणाल्या, "मले रोज वाटते, वळणावरच थांबलो असतो तं भेटला असता तुहा भाऊ. तरी बी मी तिथं थांबली नसती, हे बी खरं."

"नसता भेटला, ताई."

"तुले काय माहीत? फोन कवा आला होता? गाडीत तं वाजला नाही."

"तुम्ही चाक बसवून राहिल्या होत्या तेव्हा."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "मंग तवाच सांगितलं काहून नाही मले? मी तिथंच तं होती."

"नट आवळायचे राहिले होते न, ताई."

त्यांनी बशी खाली ठेवली. चहा प्यायल्याच नाहीत.