तेरा की चौदा

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. बुढापारा मोहल्ल्यातल्या श्यामकांत भैयांच्या क्लासचं खरं भांडवल म्हणजे तिथं ‘सी’ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणारी मंदाकिनी गेडाम. चार ओळींचा तिरपागडा प्रोग्राम फळ्यावर लिहायचा आणि मशीन सुरू न करताच पडद्यावर काय उमटेल ते सांगायचं, यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. नोकरीच्या लेखी परीक्षांत असलेच प्रश्न येत, म्हणून पोरं तिला ‘आउटपुट दीदी’ म्हणत. आई गेल्यापासून घर तिच्यावर होतं. वडील हरिदास रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून दम्यामुळे लवकर निवृत्त झालेले. त्यांना कधी धाप लागेल, याचा नेम नसे. फळ्यापुढे मात्र तिला हायसं वाटे. इथं तरी नीट विचार केला की उत्तर ठरलेलं.

त्या वर्षी क्लासने पुढच्या कोर्सची एक मोफत जागा परीक्षेवर ठेवली. ब्राह्मणपाऱ्याची राधिका काळे, दोन लेकरांची आई, घरचं आटपून दुपारी शिकायला यायची. तिची ती जागा एका मार्काने हुकली. ती पेपर घेऊन मंदाकिनीपुढे उभी राहिली.

“मॅडम, हे काहून कापलं?”

प्रश्न असा होता: ‘आय’ या इंग्रजी अक्षराची किंमत पाच. आय एकने वाढवायचा, त्यात पुन्हा एकने वाढवलेला आय मिळवायचा, सगळं एकाच बेरजेत. राधिकाने लिहिलं होतं, सांगता येत नाही.

“सहा आन सात, तेरा,” मंदाकिनी म्हणाली. “मशीनवर करून पाहा.”

“केलं ना. इथं तेरा येते. माह्या देराच्या ऑफिसात चौदा.”

टायपिंग चुकलं असेल म्हणून मंदाकिनी तणतणतच तिच्यासोबत स्कूटीवर भनपुरीला, दिराच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात गेली. स्वतः टाइप केलं. चौदा. पुसून पुन्हा केलं. चौदाच. दिराने मागवलेला चहा तिच्यासमोर निवून गेला.

मग ती इंजिनियरिंग कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन बसली. जाडजूड संदर्भग्रंथात एका कोपऱ्यात सापडलं: एकाच वाक्यात एकच किंमत दोनदा बदलली, तर काय व्हावं याचा भाषेत नियमच नाही. जे सॉफ्टवेअर प्रोग्राम मशीनला समजावून देतं, ते आपल्या मर्जीने करतं: कोणतं सहा आणि सात मिळवतं, कोणतं दोन्ही वाढी आधी करून सात आणि सात. तिला आधी लाज वाटली, मग भीती. असे किती प्रश्न आपण छातीठोकपणे सोडवून दिले असतील!

श्यामकांत भैयांनी सगळं ऐकून घेतलं. “निकाल लागून गेला, मंदा. ज्याले जागा भेटली त्या पोट्ट्याच्या बापानं पेढे वाटले. आता त्याले काय सांगू?”

“मंदाकिनीची चूक झाली म्हणून सांगा.”

“आन क्लासचं नाव?” ते वाईट माणूस नव्हते, पण हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने तीच बेरीज फळ्यावर लिहिली. वर्ग ओरडला, “तेरा!”

“मी तुम्हाले चुकीचं शिकवलं,” ती म्हणाली. तिने बेरजेपुढे दोन्ही उत्तरं लिहिली, तेरा आणि चौदा.

मागून कोणीतरी विचारलं, “दीदी, फिर एग्झाम में क्या लिखें?”

मंदाकिनी म्हणाली, “पेपरात तेराच मागत असतील तर तेरा लिहा. पण का लिहून राहिलो, ते माहीत असू द्या.” काही पोरं त्या महिन्यात दुसऱ्या क्लासला गेली.

राधिकाला पुढचा कोर्स तिने घरीच शिकवला, दर रविवारी सकाळी. लेकरं कुठं ठेवायची, म्हणून राधिका त्यांना सोबत आणायची. हरिदास त्यांना खाटेवर घेऊन पत्ते खेळत आणि मुद्दाम हरत. दोघी बायका प्रत्येक प्रोग्रामवर भांडत. राधिका पटल्याशिवाय मान हलवत नसे, आणि मंदाकिनीला आता तेच आवडू लागलं होतं.

पुढे नव्या सरकारच्या एका कचेरीत, कॉम्प्युटर विभागात राधिकाला नोकरी लागली. रविवारची शिकवणी संपली. तरी पुढच्या रविवारी दारात लेकरं उभी, मागे राधिका भाजीची पिशवी घेऊन.

“आता काय शिकायचं उरलं?” मंदाकिनीने विचारलं.

“मले काही नाही. या लेकरायले तुमच्या बाबाकडे यायचं होतं,” राधिका म्हणाली. तोवर हरिदासांनी खाटेवर पत्ते मांडलेसुद्धा होते.