मामा आणि जपानी सूप

जपानी हॉटेलात बसल्या बसल्या मामा खिशातून ठेच्याची डबी काढून टेबलाच्या मधोमध ठेवत. "असू द्या, यांचं लई अळणी असतंय," म्हणत. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच, ज्याची सुरुवातीला जरा लाज वाटते आणि ज्याच्याशिवाय नंतर जेवण रंगत नाही.

आमच्या वाळूजच्या कारखान्यात ते मेंटेनन्सचे फोरमन. गाव लासूर स्टेशनजवळचं, बिऱ्हाड पुंडलिकनगरात. गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे मांस-मासळी तरुणपणीच सुटलेली. जपानहून इंजिनिअर आले की जेवायला मामा हवेतच, असा त्यांचाच आग्रह असे. एका वयस्क पाहुण्याने ठेचा चाखला, डोळे पुसले आणि पुन्हा डबीत जेवणाच्या काड्या घातल्या. मामा म्हणाले, "दमानं, साहेब. घरी न्या, पण इथं मरू नका." आम्ही भाषांतर केलं नाही.

एका दुपारी सूप आलं. वाटीला हात न लावता मामांनी आमच्या मॅनेजरला विचारलं, "साहेब, यात काय पडलंय?"

"सगळं व्हेज आहे. पाहुणे खोळंबलेत, घ्या आता."

मामांनी वाटी संपवली. चव आवडली, म्हणून घरी कसं करायचं ते वेटरला विचारलं. त्याने सरळ सांगितलं, की याला सुक्या माशाचं पाणी लागतं, आणि हे आमच्या मॅनेजरसाहेबांना त्याने आधीच सांगितलं होतं.

मामा उठून बाहेर गेले. मॅनेजर हसून म्हणाला, "याने सांगितलं नसतं, तर त्यांना कळलं तरी असतं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजही जाते. पाहुण्यांना जरा थांबावं लागू नये, म्हणून या माणसाने दुसऱ्याचा जन्माचा नेम मोडला आणि वर दात काढले. मी त्याला तिथंच खोटारडा म्हणालो. पाहुण्यांना मराठी येत नव्हती, तरी त्यांनी माना खाली घातल्या. "सूपच तर होतं," मॅनेजर पुटपुटला.

मामांनी त्याच दिवशी माळ उतरवली. आमच्यासोबत ते पुन्हा कुठेही जेवले नाहीत. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "मामा, चुकून पोटात गेलं. ज्या महाराजांनी माळ घातली त्यांना तसं सांगा, ते परत घालतील."

"त्येच सांगता येत नाय ना," मामा म्हणाले. "चुकून कुठं गेलं? मी तर विचारून खाल्लं."