पावणं आणि उचगावच्या दोन सुनीता

आमच्या लॅबमध्ये पाऊल टाकील त्याला आमचे कॉम्प्युटरवाले 'पावणं' म्हणायचे. डॉक्टर पावणं, कुरिअरवाला पावणं, रक्त द्यायला घाबरणारं पोरगंही पावणं. शेवटी आम्ही त्यांनाच पावणं म्हणू लागलो. मी काउंटर सांभाळते, ते कॉम्प्युटर सांभाळायचे. आवाज असा की सर्व्हर बंद पडल्याचं आधी रस्त्यावर कळायचं.

रिपोर्ट तयार झाला की त्याची पीडीएफ आपोआप क्लाउडवर जावी आणि पेशंटच्या मोबाइलवर लिंक पोचावी, हा प्रोग्राम त्यांनी लिहिला. डॉक्टर म्हणाले, फाइलला लॅब नंबर द्या. पावणं उखडले. "नंबर घालायला माणूस काय उसाची ट्रॉली हाय व्हय? नाव हाय, गाव हाय, तेच घालायचं." तेच घातलं. मलाही ते सोयीचं वाटलं. काउंटरवर नंबर सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

एका सोमवारी उचगावच्या दोन सुनीता पाटील निघाल्या. फाइलचं नाव एकच, त्यामुळे दुसरीची फाइल क्लाउडवर पहिलीच्या जागी जाऊन बसली. पहिलीच्या गाठीत कॅन्सर निघाला होता आणि मंगळवारी तिला ऑपरेशनसाठी भरती व्हायचं होतं. तिच्या लिंकवर मात्र दुसरीची थायरॉइडची तपासणी उघडली.

दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन. "मॅडम, समदं नॉर्मल लिवलंय की! ऑपरेशन रद्द. जोतिबाला आलोय, येताना पेढं आणतो." तिचा छापील रिपोर्ट सकाळी मी वाचला होता. मी बोलायच्या आत त्याने फोन ठेवला. पुन्हा लागेना.

पावण्यांनी स्क्रीनवर पाहिलं आणि हळूच म्हणाले, "चला." त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. छापील रिपोर्ट घेऊन मी मोटरसायकलवर मागे बसले.

देवळाबाहेर ती माणसं भेटली, गुलालाने माखलेली. मी तोंड उघडणार तोच पावणं पुढे झाले. "ताई, तुमचा म्हणून दुसऱ्याचा रिपोर्ट आला. चूक माझी हाय. गाठ साधी न्हाय. उद्या भरती व्हायलाच पायजे."

"सकाळी झोपलं हुतासा काय?" नवरा अंगावर धावून आला. पावणं जागचे हलले नाहीत. बाई पायरीवर बसल्या, पदराने कपाळाचा गुलाल पुसला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "त्यास्नी कशाला बोलताय? गाडी काढा. कपडं भरायचं हाईत."

त्या बऱ्या झाल्या. पावण्यांनी त्याच आठवड्यात फाइलच्या नावात लॅब नंबर घातला. आणखी एक केलं. गाठीचा वाईट रिपोर्ट असेल तर क्लाउडवर जाण्याआधी प्रोग्राम थांबतो आणि विचारतो, 'घरी फोन केला का?' हो म्हटल्याशिवाय फाइल हलत नाही.

गेल्या वर्षी पावणं वारले. आता एका कंपनीचे इंजिनिअर येतात. परवा म्हणाले, "मॅडम, हे मध्ये काय अडकवलंय? काढून टाकतो, सगळं झटक्यात जाईल."

"राहू दे," मी म्हटलं. त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि तो येईपर्यंत स्क्रीनवर थांबलेल्या रिपोर्टसाठी गगनबावड्याला पेशंटच्या घरी एक फोन करून घेतला.