दोन फुटांचा चर

यज्ञेश्वर पहाटे साडेचारला उठला, फावडं घेतलं आणि झाशीहून पहिल्या बसने बरुआसागरला निघाला. तिथल्या शीतगृहात महिन्याभरापूर्वी त्याने दोनशे फूट चर खणून केबल पुरली होती. आता मालकाचा निरोप आला होता: रोज दुपारी वजनकाटा आणि कॅमेरे बंद पडतात, केबल उथळ पुरल्याने तापते, चर पुन्हा खणा, तोवर मजुरी नाही.

चर उथळ राहिला म्हणे! ठरला होता दोन फुटांचा. सहा वाजता त्याने मधोमध एकच खड्डा घेतला आणि टेप लावली. दोन फूट एक इंच. पुढे एक फावडं मारलं नाही. खड्ड्याशेजारी बसून राहिला.

चार वाजता सुजय आला. नेटवर्कचं काम त्याच्याकडे. घरी आई मराठी बोलते, हा उत्तर हिंदीत देतो.

"काका, खोदा नहीं अभी तक?"

"टेप बघ. मग तुझ्या यंत्राला विचार, दुपारी काय झालं."

"स्विच क्या बताएगा?"

"दिवसभराची नोंद ठेवतो, असं तूच सांगितलं होतंस. काढ."

स्विच, म्हणजे वजनकाटा आणि कॅमेऱ्यांच्या केबल जिथे जोडल्या होत्या ते यंत्र, गोविंदरावांच्या खोलीत, कुलपाच्या कपाटात होतं. गोविंदराव रेल्वेच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले आणि इथे देखरेखीला बसलेले. त्यांनी किल्ली दिली. सुजयने लॅपटॉप जोडला आणि नोंद उघडली. यज्ञेश्वर त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागला.

"हे काय? बारा-पंधरा ओळी. कालचं कुठंय?"

"कालचं नाहीये. सगळं आजचंच," सुजय गोंधळून मराठीत बोलून गेला.

"पहिली ओळ वाच."

"स्विच चालू झाला, असं आहे. बंद झाला की जुनी नोंद पुसली जाते. घड्याळही लावलेलं नाही, म्हणून चालू झाल्यापासून किती वेळ गेला तेवढंच दाखवतो. दोन तास चाळीस मिनिटं."

घड्याळात चार दहा झाले होते. यज्ञेश्वरने बोटांवर मागे मोजलं.

"म्हणजे दीड वाजता चालू झाला. केबल खराब असती तर?"

"तर एकच तार तुटल्याची ओळ आली असती. इथे अख्खा स्विचच बंद होता." सुजयने कपाळ पुसलं. "बिजली गई थी क्या?"

"वीज कशाला जाईल?" गोविंदराव खुर्चीतून म्हणाले. "एक वाजता मी बंद करतो, दीडला चालू करतो. रोज."

दोघे एकदम त्यांच्याकडे वळले.

"असं काय बघता? छत्तीस वर्षं इंजिनं सांभाळली. इंजिनसुद्धा शेडमध्ये उभं करतात, आणि हे बिचारं रात्रंदिवस दिवे मिचकावतंय. हात लावला तर भाजतं!"

"दादा, आधी सांगायचंत ना!" यज्ञेश्वर म्हणाला.

"कोणी विचारलं? सगळे भैया लोग केबलकडे बोट दाखवत होते. मला वाटलं, केबलच असेल."

सुजयने लॅपटॉप मिटला. "काका, केबल ठीक है।"

"हे मला कळलं. मालकाला लिहून दे. खोली दोन फूट एक इंच, हेही लिही."

सुजयने लिहिलं. मालकाने तो कागद दोनदा वाचला आणि संध्याकाळीच पूर्ण मजुरी मोजून दिली. यज्ञेश्वरने सकाळच्या खड्ड्याचे वेगळे पैसे मागितले, ते मात्र दिले नाहीत. त्याने खड्डा बुजवला, पण माती ठोकून बसवली नाही.

दुसऱ्या दिवशी झाशीच्या बडा बाजारात त्याने त्या पैशांतून पाचशे लिटरची पाण्याची टाकी घेतली. दुकानदार पोहोचवायचे दोनशे जास्त मागू लागला. यज्ञेश्वरने टाकी डोक्यावर पालथी घेतली आणि गर्दीतून घरचा रस्ता धरला.